पिल्लाचे डोस पूर्ण होईपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात त्याच्या लशींबद्दल मला येणारे फोन साधारण ठरलेले असतात. मी डॉक्टर नाही. पुण्यात रस्त्यावर सापडलेली पिल्लं घरी सांभाळायची आणि चांगलं घर मिळालं की द्यायची, हे बारा-तेरा वर्षं चाललंय. बरीचशी जगली, काही गेली. गेलेल्यांपैकी निम्मी तरी माझ्या तेव्हाच्या अज्ञानामुळे गेली असं आता वाटतं. औषध कुठलं आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. इथे आहे ते त्यांच्याकडे जाण्याआधीचं आणि तिथून परत आल्यानंतरचं.

पिल्लू दीड महिन्याचं आहे. पहिलं इंजेक्शन झालं. आता धोका टळला ना?

नाही. सगळा घोळ नेमका इथे होतो.

गाय व्याल्यावर पहिलं दूध चिकाचं असतं, तसंच कुत्रीचंही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसभरात पिल्लू जेवढा चीक पिईल तेवढी आईची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्याच्या रक्तात जातात. त्यानंतर आतडं ती आत घेत नाही. म्हणजे ही उसनवारी आहे आणि दर दहा दिवसांनी ती साधारण निम्मी होत जाते. पंचाईत अशी, की ही प्रतिपिंडं लशीलाही शत्रूच समजतात आणि लस अंगी लागायच्या आत तिला निकामी करतात. त्यामुळे मध्ये काही दिवस असे येतात, की आईकडून आलेलं संरक्षण खऱ्या विषाणूला थोपवायला पुरत नाही, पण लशीला थोपवायला पुरतं. त्या दिवसांत पिल्लू उघडं पडतं. कुणाचे हे दिवस सातव्या आठवड्यात येतात, कुणाचे बाराव्यात. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक असतो आणि बाहेरून ते कळायला मार्ग नाही.

म्हणून डोस पुन्हा पुन्हा देतात. ‘बूस्टर’ या शब्दामुळे लोकांना वाटतं, पहिल्या डोसाने ताकद आली आणि पुढचे ती वाढवतात. पिल्लाच्या बाबतीत तसं नसतं. यातला कुठला तरी एक लागावा, म्हणून ओळीने दिलेले हे डोस असतात. पहिला वाया गेलेला असू शकतो, हे धरूनच चालायचं.

मग नेमके किती डोस, कोणत्या वयात?

वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या जागतिक संघटनेची शिफारस अशी आहे: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्याहून उशिरा. त्यानंतर सहा महिन्यांच्या पुढे आणखी एक, म्हणजे इतकं करूनही एखादं पिल्लू निसटलं असेल तर ते पकडलं जातं. रेबीजची लस यात धरलेली नाही. ती साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि वर्षाने पुन्हा.

माझ्याकडे येणारी बरीच कार्डं १२ आठवड्यांपाशी थांबलेली असतात. ‘तीन डोस झाले, कोर्स पूर्ण’ असं सांगितलेलं असतं. असं कार्ड असेल तर न लाजता विचारा, “डॉक्टर, सोळा आठवडे झाल्यावर एक द्यायचा का?” बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. डोस मोजू नका, वय मोजा.

फाइव्ह इन वन, सेव्हन इन वन, नाइन इन वन... जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली लस?

आकड्यावर जाऊ नका. पार्वो, डिस्टेंपर (या दोन विषाणूंबद्दल पुढे सांगते) आणि हिपॅटायटिस, म्हणजे यकृताचा आजार, करणारा ॲडिनोव्हायरस, या तिघांविरुद्धचा भाग प्रत्येक लशीत हवाच. आकडा वाढतो तो मुख्यतः लेप्टोचे (उंदराच्या मुतातून येणारे जिवाणू) प्रकार, पॅराइन्फ्लुएन्झा (खोकल्याचा विषाणू), कोरोना हे धरून. हा कोरोना कुत्र्यांच्या पोटाचा, आपल्या कोविडचा नव्हे.

विकणारा म्हणतो सगळे डोस झालेत. कार्डवर तारखा आणि सही आहे.

स्टिकर आहे का ते बघा. लशीच्या बाटलीवर एक छोटं सोलून निघणारं लेबल असतं, त्यावर कंपनी, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. डॉक्टर ते काढून कार्डवर चिकटवतात आणि शेजारी सही-शिक्का करतात. नुसती निळ्या पेनाने घातलेली तारीख म्हणजे लस टोचल्याचा पुरावा नाही. टोचली असली तरी ती २ ते ८ अंशांत ठेवलेली होती की दुचाकीच्या डिकीतून दुपारी आली, हे कोण सांगणार? अशा कार्डाचं पिल्लू आलं की आमचे डॉक्टर डोस झालेच नाहीत असं समजून सुरुवात करतात. एखादा जास्तीचा डोस पिल्लाला सहसा बाधत नाही. नसलेला डोस जीव घेतो.

आणखी एक. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ‘एक महिन्याचं आहे, बाटलीने दूध पितं, गोड आहे’ असं कुणी म्हणालं, की तिथून उठा.

पार्वोची एवढी भीती का घालतात?

कारण तो दिसत नाही, मरत नाही आणि वेळ देत नाही.

१९७८ च्या सुमाराला हा विषाणू पहिल्यांदा कुत्र्यांत ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्यांच्यावर तो जातो. पिल्लाच्या अंगात अशा दोन मोठ्या जागा: आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. अस्तर गेलं की उलट्या आणि रक्ताचे जुलाब. मगजाला धक्का बसला की पांढऱ्या पेशी खाली येतात. म्हणजे आतड्यातले जंतू रक्तात उतरायला वाट मोकळी होते आणि त्यांच्याशी लढणारेही नसतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवडे. लक्षणं दिसायच्या आधीच शीतून विषाणू बाहेर पडू लागतो, त्यामुळे ‘काल तर छान खेळत होतं’ अशा पिल्लाकडूनही तो येतो.

मातीत, फटीत, सावलीच्या दमट कोपऱ्यात तो महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतो. आजारी कुत्रा भेटण्याची गरजच नाही. चपलेचा तळ, रिक्षाची चाकं, मुलाच्या हातातला बॉल, काहीही पुरतं. माझ्या घरात तो एकदा आला तेव्हा पिल्लं महिनाभर दाराबाहेर गेली नव्हती. आदल्या आठवड्यात मी एका बांधकामावर आजारी वेताला पाणी पाजायला गेले होते आणि त्याच चपला घालून घरात आले होते. दुसरी वाट मला आजवर सापडलेली नाही.

माणसाला हा आजार होत नाही. लहान मुलांच्या गालावर लाली आणणारा पार्वो बी-१९ वेगळा.

आणि डिस्टेंपर?

हा गोवराच्या विषाणूचा नातलग. पार्वोच्या उलट, बाहेर फार तग धरत नाही. ऊन, साबण, कोरडी हवा यांनी मरतो. पण हवेतून, शिंकेतून, जवळ आलेल्या नाकातून पसरतो. डोळ्यांना आणि नाकाला घट्ट चिकट स्राव, ताप, खोकला, मग जुलाब. पिल्लू बरं होतंय असं वाटत असताना काही आठवड्यांनी पाय उडायला लागतात, जबडा चावल्यासारखा हलतो, झटके येतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा तपासणीत काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. जगलेल्या कुत्र्यांत ते पाय उडणं कधी कधी कायमचं राहतं. पार्वोतून उठलेलं पिल्लू पुन्हा पूर्वीसारखं धावतं, म्हणून मला स्वतःला पार्वोपेक्षा डिस्टेंपरची भीती जास्त.

रोज फिनाइलने फरशी पुसतो, डेटॉल टाकतो. पुरेसं आहे ना?

वास येतो, पार्वो मरत नाही. उलट पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं आणि फिनाइल पोटात जातं. स्पिरिट किंवा सॅनिटायझरचाही पार्वोवर भरवसा नाही.

चालतं ते साधं घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. लिटरभर पाण्याला ३० मिली. पण क्रम महत्त्वाचा. आधी शी, माती, उलटी पूर्ण उचलायची, साबणाने धुवायचं, मग ब्लीचचं पाणी टाकून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि शेवटी साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपतं. द्रावण रोज ताजं करा, खिडक्या उघडा, पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

गाद्या, गालिचे, लाकूड ब्लीचने होत नाही. तिथे धुणं, उन्हात टाकणं, नाहीतर फेकणं.

म्हणजे चार महिने घरात कोंडून ठेवायचं?

इथे मी भांडते. पूर्वी सर्रास सांगायचे, ‘शेवटच्या डोसापर्यंत दाराबाहेर नको.’ अशी पिल्लं मी पुढे पाहिली आहेत. पार्वोतून वाचलेली, पण वर्षाची होईतो रिक्षा पाहून थरथरणारी, घरी आलेल्या काकांना चावणारी, दिवाळीत तीन दिवस पलंगाखाली. आणि मग एके दिवशी फोन येतो, ‘आम्हाला जमत नाही, तुम्ही परत घ्या.’

पिल्लाचं मन जग स्वीकारायला उघडं असतं ते तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत. म्हणजे नेमका लशींचा काळ. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकी संघटनेने २००८ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं: डोस पूर्ण व्हायची वाट न पाहता, पहिल्या डोसानंतर सात दिवसांनी आणि जंताचं औषध झाल्यावर, स्वच्छ जागेत, निरोगी पिल्लांत मिसळायला सुरुवात करावी.

आपल्याकडे स्वच्छ जागा हा मोठा प्रश्न. म्हणून मी एकच नियम पाळते: जग दाखवायचं, जमीन नाही. पाय आणि नाक खाली टेकत नाही तोवर बराचसा धोका टळतो. ओढणीची झोळी करा किंवा पुढे लटकवायची बॅग घ्या आणि पिल्लाला कडेवर घेऊन निघा. दूध आणायला जा. चौकात पाच मिनिटं उभे राहा. बस, हॉर्न, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, काठी टेकत जाणारे आजोबा, शाळा सुटल्याचा कल्लोळ. ढोल-ताशांचा सराव लांबून ऐकवा आणि तेव्हा तोंडात काहीतरी चविष्ट द्या. अनोळखी कुत्र्याने नाक लावायला नको आणि कडेवरून खाली सोडायचं नाही, एवढंच. अर्धा तास पुष्कळ होतो.

ज्या मित्राच्या घरचा मोठा कुत्रा लसवंत आणि शांत आहे त्याच्याकडे मात्र जरूर जा. चांगला मोठा कुत्रा पिल्लाला जे शिकवतो ते आपल्या बापजन्मी शिकवणं होत नाही.

सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. शी-सू कुठे करायची?

गॅलरीत किंवा बाथरूममध्ये. वर्तमानपत्र, पॅड, नाहीतर ट्रेमध्ये लॉनचा एक तुकडा. तो रोपवाटिकेतून आणताना तिथे कुत्री फिरत नाहीत ना ते बघा. ‘मग बाहेर करायची सवय लागणार नाही’ ही काळजी करू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत लागते. लिफ्ट, जिना, पार्किंग, बागेतलं हिरवळीचं चौकोनी बेट ही तुमच्या सोसायटीतली सगळ्यांत धोक्याची जमीन, कारण बाकी सगळे कुत्रे तिथेच जातात. लिफ्टमध्येही कडेवरच.

घरातल्यांच्या आणि येणाऱ्यांच्या चपला दाराबाहेर. ही आपली जुनी पद्धत, इथे आयतीच उपयोगी पडते. कामाला येणाऱ्या मावशींनाही एकदा नीट समजावून सांगा. त्या दिवसाला चार घरं करतात, त्यांतल्या दोन घरांत कुत्री असतात. आल्यावर हात-पाय धुतले की झालं.

दवाखान्यात तर आजारी कुत्रीच असतात. तिथे कसं न्यायचं?

आधी फोन करून, गर्दी नसेल तेव्हा. मांडीवर घेऊन बसा किंवा बाहेर गाडीत थांबा. जमिनीवर, बाकावर, वजनकाट्यावर ठेवण्याआधी घरून नेलेली चादर टाका आणि घरी आल्यावर ती गरम पाण्यात धुवा. डोस झाल्यावर वीस मिनिटं तिथेच थांबा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली तर लगेच आत. घरी आल्यावर दिवसभर झोपाळू राहणं, थोडी कसर असणं चालतं.

तालुक्याला राहत असाल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना विसरू नका. तिथे गायी-म्हशींचीच वर्दळ असते म्हणून लोक पिल्लू नेत नाहीत. कुत्र्यांची लस कुठे मिळेल हे तरी तिथले डॉक्टर नक्की सांगतात. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून रुग्णालयं आहेत.

घरात आधीच मोठा कुत्रा आहे. तो फिरायला जातो.

त्याचे डोस चालू असतील तर एकत्र राहू द्या. फिरून आल्यावर त्याचे पाय साबणाने धुऊन पुसा. पार्वो याने मरत नाही, पण वाहून जातो. मांजर असेल तर तिलाही तिच्या लशी हव्यात.

पावसाळ्यात पिल्लू आणलंय. वेगळं काही?

हो, लेप्टो. उंदराच्या मुतातून येणारे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात टिकतात आणि खरचटलेल्या त्वचेतून, डोळ्यातून, तोंडातून आत शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर माणसांत याची मोठी साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. कुत्र्यात यकृत आणि मूत्रपिंड धरतो, आणि कुत्र्याकडून तुम्हालाही होऊ शकतो. लशीत लेप्टोचा भाग असतो, पण तो तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा झाला तरच अर्थ, आणि नंतर दरवर्षी. तोवर डबकं नाही, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी नाही, रात्रभर उघडं राहिलेलं खाण्याचं भांडं नाही.

रस्त्यावरून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू खेळताना चावलं. एवढ्या लहान पिल्लाला रेबीज असतो का?

असू शकतो. त्याला कधी कोण चावलं ते तुम्हाला माहीत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा; सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. हळद, चुना, मिरची काही लावू नका. ‘दात लागला की नुसती खरवड’ हा वाद घरी घालू नका, डॉक्टरांना घालू द्या. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजला जवळपास उपाय नाही.

जंताचं औषध आणि गोचीड?

जंत बहुतेक पिल्लांत आईच्या पोटातूनच येतात. पोट नगाऱ्यासारखं आणि फासळ्या वर, हे ‘बाळसं’ नव्हे. औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, पुढे महिन्याला. वजनावर मात्रा ठरते. गोचिडांसाठी मोठ्या कुत्र्याचं औषध पिल्लाला लावू नका, रॉकेल तर अजिबात नको.

आंघोळ घालू का?

लशीचा आणि आंघोळीचा संबंध नाही. थंडीचा आहे. मळलं असेल तर कोमट फडक्याने पुसा.

हळद-दूध, ताक, तुळशीचा काढा यांनी प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात.

पार्वो अडत नाही. दुधाने उलट जुलाब होतात आणि मग ते पार्वोचे की दुधाचे हे कळत नाही. कांदा, लसूण, बेदाणे विषारी आहेत.

पिल्लू सकाळपासून मलूल आहे, जेवलं नाही. उद्यापर्यंत वाट पाहू?

नको. मोठा कुत्रा एक दिवस न जेवता काढतो, पिल्लाच्या अंगात तेवढी साठवण नसते. जेवण नाकारणं आणि एक उलटी, एवढ्यावर निघा. रक्ताचे जुलाब दिसेपर्यंत थांबलेले लोक उशिरा पोचतात. त्या जुलाबाचा एक कुजकट, लोखंडी वास असतो. एकदा घेतला की आयुष्यभर ओळखू येतो. तापाबद्दल सांगायचं तर कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०२ ला घाबरू नका आणि ९९ ला निश्चिंत होऊ नका. खाली गेलेलं तापमान जास्त वाईट.

दवाखान्यात शिरण्याआधी फोन करून ‘पार्वोची शंका आहे’ असं सांगा, म्हणजे ते तुम्हाला बाकीच्या पिल्लांत बसवणार नाहीत. शीच्या नमुन्यावर दहा-पंधरा मिनिटांत होणारी पट्टीची तपासणी असते. पहिल्या एक-दोन दिवसांत ती चुकीची ‘नाही’ही सांगते. विषाणू मारणारं हमखास औषध नाही; सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, प्रतिजैविकं, ऊब आणि लवकर सुरू केलेलं खाणं यांवर पिल्लू तरतं. वेळेत उपचार मिळाले तर बहुसंख्य वाचतात, न मिळाले तर बहुसंख्य जातात. घरी जुलाब बंद करायची माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर चुकूनही नाही.

आमचं पिल्लू पार्वोने गेलं. दुसरं कधी आणू?

वाईट वाटलं. घाई करू नका. ब्लीचने होईल ते सगळं वर सांगितल्याप्रमाणे करा, त्याचं अंथरूण, दोरीची खेळणी, पट्टा टाकून द्या. अंगण किंवा मातीची बाग असेल तर ती वर्षभर दूषित धरा. त्याआधी आणायचंच असेल तर सोळा आठवड्यांच्या पुढचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेला कुत्रा आणा. मोठ्या वयाच्या कुत्र्यांना घर मिळत नाही, तेवढंच एकाचं भलं होईल.

शेवटचा डोस आज झाला. उद्यापासून बाग?

अजून एक ते दोन आठवडे थांबा. मग भल्या सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आधी, घराजवळच्या शांत गल्लीत दहा मिनिटं. पट्टा आखूड धरा, कारण पहिल्या दिवशी पिल्लू फुटपाथवरच्या प्रत्येक वस्तूला तोंड लावणार: हाडं, गुटख्याच्या पुड्या, दुसऱ्याची शी. तोंडातून ओढून काढत बसू नका. खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे असू द्या, ते नाकासमोर धरा. तोंडातलं आपोआप खाली पडतं.